चालतं का, रेव्हरंड?

पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप चाळून या वेळी सहा प्रश्न निवडले. बहुतेकांचा रोख एकच : 'चालतं का?' काय चालतं नि काय नाही याची सरळ यादी पवित्र शास्त्राच्या शेवटी छापलेली असती, तर आम्हा पाळकांच्या नोकऱ्या कधीच गेल्या असत्या.

प्रश्न : गणपतीत शेजारच्या काकूंनी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या हातावर उकडीचा मोदक ठेवला. संडे स्कूलमध्ये 'प्रसाद खायचा नाही' असं शिकवलंय, म्हणून त्याने तो त्यांच्या देखत कचऱ्याच्या डब्यात टाकला. काकू काही बोलल्या नाहीत, पण तेव्हापासून येणं-जाणं कमी झालंय. प्रसाद खाल्लेला चालतो का? (एक आई, पिंपरी)

आधी मुलाला घेऊन काकूंकडे जा आणि माफी मागा. पुढचं उत्तर आल्यावर वाचा, ते कुठे पळून जात नाही.

आता प्रसादाचं. हा पेच फार जुना आहे. प्राचीन ग्रीसमधल्या करिंथ शहरात देवळांत वाहिलेल्या पशूंचं मांस बाजारात विकायला येई आणि खाटकाकडचा तुकडा कुठून आलाय हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नसे. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायांत यावर लिहिलंय, पण लोक त्यातली आपल्या सोयीची तेवढी ओळ उचलतात. तो म्हणतो, मूर्तीत काही नाही, बाजारात मिळेल ते घ्या, कोणी जेवायला बोलावलं तर पानात पडेल ते चौकशी न करता खा. पण कोणी 'हे वाहिलेलं आहे' असं सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून खाऊ नका, हेही तोच म्हणतो. आणि मोदक देताना 'प्रसाद आहे हं' असं म्हणतातच. त्यामुळे जे ख्रिस्ती प्रसाद घेत नाहीत, त्यांना मी कोत्या मनाचे म्हणणार नाही.

मी स्वतः आरतीला उभा राहत नाही. दारात आलेला मोदक मात्र घेतो आणि खातो, कारण शेजारीण माझ्याकडे भक्तीची कबुली मागायला आलेली नसते. माझे एक सोबती पाळक घेत नाहीत. ते हात जोडून सांगतात, 'वहिनी, प्रसाद आम्ही घेत नाही, पण तुमच्या हातची पुरणपोळी केव्हाही.' वहिनी हसतात आणि होळीला पोळी येते. दोन्ही रीती मला मान्य आहेत, कचऱ्याचा डबा मान्य नाही.

जाता जाता एक आठवण. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 साली. मधल्या काळात नवऱ्याकडे परत आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं सोडलं नव्हतं. ख्रिस्ती माणसाच्या हातचं पाणी पिणं हा त्यांच्यासाठी केवढा डोंगर होता, ते 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ठाऊक आहे. तो डोंगर त्या ओलांडून आल्या. आता त्याच्या या बाजूला आपण नवं सोवळं मांडून बसायचं का? नाताळात काकूंकडे करंज्या-शंकरपाळ्यांचं ताट जात असेलच. त्याचं त्या काय करतात, हे मुलाला विचारा.

प्रश्न : अलीकडे मी एका प्रार्थना-संगतीत जाते. तिथल्या बहिणी म्हणतात, काळे मणी मूर्तिपूजेचे आहेत, मंगळसूत्र काढून टाक. माझ्या मंगळसूत्रात वाट्यांच्या जागी क्रूस आहे आणि ते सासूबाईंनी हौसेने घडवलेलं आहे. मिस्टर गप्प आहेत. काय करू? (सोलापूर)

मिस्टरांना आधी बोलतं करा.

मग त्या बहिणींना विचारा, बोटातल्या अंगठीचं काय? वाग्दानाची अंगठी रोमी लोकांची, ख्रिस्ती धर्माच्या आधीपासूनची. मंडळीने, म्हणजे चर्चने, ती घेतली, तिच्यावर प्रार्थना केली आणि आज ती कोणाला परकी वाटत नाही. केरळचे सिरियन ख्रिस्ती वधूच्या गळ्यात मिन्नू बांधतात, सोन्याच्या छोट्या पानावर मण्यांचा क्रूस. आपल्याकडेही कितीतरी मंडळ्यांत वेदीपुढे अंगठीबरोबर मंगळसूत्रावर प्रार्थना होते. मी स्वतः शेकडो वेळा केली आहे.

उलट दिशेने गेलेल्यांचा इतिहासही जवळचाच आहे. गोव्यात इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज अमलातल्या धर्मन्यायालयाने, 1736 साली हुकूम काढून ख्रिस्ती घरांतल्या लग्नाच्या चालीरीती, गाणी, पेहराव यांवर बंदी घातली होती. त्याने श्रद्धा किती वाढली हे देव जाणे, चुगल्या करणाऱ्यांचं मात्र फावलं.

तरीही तुमचं मन खरोखर खात असेल, तर काढा. मंगळसूत्र घातल्याने तारण मिळत नाही आणि काढल्याने जातही नाही. फक्त सासूबाईंशी बोलून काढा, कपाटात गुपचूप ठेवून नको. बहिणींच्या धाकाने काढणार असाल, तर माझं म्हणणं, राहू द्या.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, की चुलतसासऱ्यांच्या दफनानंतर बायकांनी चुलतसासूबाईंचं मंगळसूत्र आणि बांगड्या काढून घेतल्या. मला राग आला तो इथे. पुनरुत्थानाची वचनं म्हणून घरी यायचं आणि विधवेचे हात मोकळे करायचे! कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022मध्ये अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारने इतर ग्रामपंचायतींपुढे तो कित्ता ठेवला. आपल्या पंचकमिट्यांना तेवढं जमू नये? तुमच्या संगतीतल्या बहिणींना जोर लावायचाच असेल, तर इथे लावू द्या.

प्रश्न : आम्ही कॅथलिक. वडिलांची इच्छा दहन करावं अशी आहे, काका म्हणतात चर्च मिस्सा करणार नाही. (नाशिक)

काकांची माहिती 1963च्या आधीची आहे. त्या वर्षापासून कॅथलिक चर्चने दहनाला मुभा दिली आहे. पुनरुत्थान नाकारण्यासाठी कोणी दहन निवडत नसेल, तर अंत्यविधीची मिस्सा होते. दफनाची शिफारस अजूनही आहे, सक्ती नाही. नाशिककरांनी एक लक्षात ठेवावं : अस्थी गोदावरीत सोडायला चर्चची परवानगी नाही. 2016मध्ये रोमहून पुन्हा स्पष्ट केलं, की रक्षा विखुरू नये, दफनभूमीसारख्या पवित्र जागी ठेवावी. वडील आहेत तोवर त्यांची इच्छा कागदावर घ्या आणि फादरांना आत्ताच भेटा. त्या दिवशी दारात वाद नकोत.

प्रश्न : मुलीने हिंदू मुलगा पसंत केलाय. मुलगा चांगला आहे, पण धर्म बदलणार नाही. आमचे नातेवाईक सुचवतात, चर्चमध्ये लग्न लागावं म्हणून त्याने नावापुरता बाप्तिस्मा घ्यावा. तोही तयार होईल. चालेल का? (आई-वडील, छत्रपती संभाजीनगर)

नाही. बाप्तिस्मा हा लग्नाच्या हॉलचा पास नाही. तुमच्यासाठी तो मुलगा देवापुढे खोटं बोलणार आणि तुम्ही शेजारी साक्षीदार म्हणून उभे राहणार. शिवाय 'धर्म बदलणार नाही' असं तोंडावर सांगणारा जावई प्रामाणिक आहे. त्याचा तेवढा गुण तरी घालवू नका.

कायद्याचं म्हणाल, तर वाटा दोन आहेत. 1872च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी लग्न लागू शकतं, मात्र ते लावायचं की नाही हे तुमच्या मंडळीच्या नियमांवर ठरतं. दुसरी वाट 1954चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलाय, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, 30 दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. कोणाला धर्म सोडावा लागत नाही. काही रेव्हरंड अशा नोंदणीनंतर घरी येऊन प्रार्थना करतात, काही करत नाहीत. आधी विचारा.

तुम्ही कॅथलिक असाल, तर बिशपांची खास सूट लागते, नाहीतर चर्चच्या लेखी तो विवाहच नाही. त्या वेळी मुलांना ख्रिस्ती श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते करीन, असं वचन कॅथलिक जोडीदार देतो. दुसऱ्याला त्याची कल्पना द्यायची असते, त्याच्याकडून वचन घेत नाहीत. बरेच जण इथेच घाबरून परत फिरतात.

आता पाळक म्हणून. विश्वास न ठेवणाऱ्याशी विजोड होऊ नका, हे वचन मी खोडणार नाही आणि ते मुलीलाही एकदा, शांतपणे, वाचून दाखवा. एकदाच. नंतर त्या दोघांना बसवून विचारा : रविवारी सकाळी कोण कुठे असेल? बाळाचं नाव कोण ठेवणार? सासरी सत्यनारायण असला, तर ती कुठे बसेल? याची उत्तरं दोघांनी एकमेकांकडे बघत दिली, तर मी निम्मा निश्चिंत होईन. उत्तरं देताना तो आईकडे आणि ती तुमच्याकडे बघत असेल, तर तारीख पुढे ढकला.

प्रश्न : आमचे पाळक म्हणतात, दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, कपातीआधीच्या पूर्ण पगारावर द्यायचा, हातात येतो त्यावर नाही. न देणाऱ्यांची नावं उपासनेत वाचली जातात. बरोबर आहे का?

नावं वाचणं चूक आहे, त्यात 'पण' नाही. दशांशाबद्दल जुन्या करारातल्या मलाखीचा तिसरा अध्याय सगळ्यांना पाठ असतो, त्यातल्याच 'अनुवाद' या पुस्तकाचा चौदावा कोणी वाचत नाही. तिथे दशांशाचा वाटा लेवी, परका, पोरका आणि विधवा यांना पोटभर जेवायला मिळावा म्हणून ठेवायला सांगितलाय. नव्या करारात पौल टक्का सांगत नाही, कुरकुर न करता मनात ठरवून द्या म्हणतो. घराचा हप्ता, आईची औषधं भागवून ठरवा आणि ठरवलेलं द्या. आणि हो, मंडळीचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल, तर त्याला हिशेब ठेवून तपासून घ्यावेच लागतात. वार्षिक सभेत ते मागा. पाळकांना पगाराचा आकडा विचारता येतो, तर तुम्हालाही ताळेबंद विचारता येतो.

प्रश्न : तरुणांना गिटार, ड्रम आणि हिंदी-इंग्रजी गाणी हवीत, वडीलधाऱ्यांना 'उपासना संगीत' या जुन्या पुस्तकातली गीतं. मी तरुण संघाचा सचिव आहे, दोन्हीकडून शिव्या खातो. (पुणे)

शिव्या खाणं हे सचिवाचं कामच आहे. वडीलधाऱ्यांना एक सांगा : त्या पुस्तकातली कितीतरी गीतं इंग्रजी चालींवर मराठी शब्द दाबून बसवलेली आहेत. त्या काळचे तरुण तीच 'नवी' गाणी म्हणत होते. आणि तरुणांना सांगा, इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्सनी गोव्यात बसून मराठी ओवीत पुराण रचलं आणि ते 1616 साली छापलं. परक्या माणसाने एवढे कष्ट घेतले, तुम्हाला टिळकांचं एक भजन जड होतं?

खरी अडचण मला वेगळीच दिसते. मी तुमच्या वयाच्या मुलांना विचारलं तेव्हा त्यांची तक्रार शब्दांवर नव्हती. पेटीवाले काका काळी चारमध्ये सुरू करतात आणि दुसऱ्या कडव्यात मुलांचा आवाज फाटतो. पट्टी दोन सुरांनी उतरवा. दर रविवारी एक जुनं भजन तरुणांनी बसवायचं, ढोलकी आणि टाळांवर, गिटार हवी तर असू द्या. एक नवं गाणं मात्र वडीलधाऱ्यांनी शिकायचं, टाळ्या वाजवत. शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरांत टाका. मोतीबिंदूवाले आणि इंग्रजी शाळेतले, दोघांनाही तेच लागतं. सराव शनिवारी ठेवा आणि पेटीवाल्या काकांना घरी जाऊन आमंत्रण द्या. ग्रुपवर मेसेज टाकून ते येणार नाहीत.