गालिच्यातला कुत्र्या-मांजराच्या मुताचा वास काढताना

सुगंधी फवारा आधी बाजूला ठेवा. वास वरच्या धाग्यात कमी, खालच्या फोममध्ये जास्त असतो. खोलीत अंधार करून यूव्ही टॉर्चने डाग शोधा, खडूने खूण करा. एन्झाइमचं (मुतातले घटक तोडणारं) द्रावण मूत मुरलंय तितकं खोल पोचेल एवढं ओता, डब्यावर लिहिलेला वेळ ओलं राहू द्या, मग एक्स्ट्रॅक्टरने (ओल शोषून घेणाऱ्या मशीनने) ओढा. कामावर नवीन आलेली मुलं इथेच घाई करतात आणि आठवड्यात तक्रार येते.

वाफ आधी नको, डाग पक्का बसतो. ब्लीच कधीच नको! मुतातल्या अमोनियाशी मिळून विषारी क्लोरामाइन वायू होतो, मुंबईच्या बंद फ्लॅटमध्ये तर फारच धोक्याचा.

लोकरी गालिच्याला प्रोटीएझ (प्रथिनं तोडणारं) एन्झाइम चालत नाही, ते लोकरच खातं.

पावसाळ्यात नुसता पंखा पुरत नाही. खिडक्या बंद, एसी ड्राय मोडवर. पूर्ण वाळेपर्यंत प्राणी दुसऱ्या खोलीत.