वारीत अनोळखी वारकऱ्यांचे फोटो त्यांना न विचारता काढले तर तो गुन्हा आहे का?

सरसकट नाही. रस्त्यावर, घाटावर, रिंगणात दिसणाऱ्या माणसाचा फोटो काढायला बंदी घालणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. पण म्हणून काहीही टिपायची मोकळीक मिळत नाही.

चंद्रभागेत स्नान करून बायका काठावरच लुगडं आडोशाला धरून कपडे बदलतात. तिथे कॅमेरा खालीच ठेवा. जागा सार्वजनिक असली तरी अशा क्षणी खाजगीपणाची अपेक्षा रास्तच असते, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई नेमकं हेच धरून आहे: संमतीशिवाय शरीराच्या खाजगी भागांचं चित्रण केलं तर 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाईला खाजगी क्षणी चोरून पाहणं किंवा टिपणं हा गुन्हा ठरवणारं भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ही लागू शकतं.

जाहिरातीसाठी वापरायचा असेल तर लेखी संमती घ्याच.

बाकी, तुळस डोक्यावर घेतलेल्या मावशींना "माऊली, एक फोटो काढू का?" एवढं विचारायला काय जातं? बहुतेक जणी पदर सावरून हसतात. नको म्हणाल्या तर पुढे चालू लागा, आणि आधीच काढला असेल तर त्यांच्यासमोर पुसून टाका. कायदा सांगत नसला तरी मला हे बंधनकारकच वाटतं.