डॉक्टरांना विचारा: एचआयव्ही वंशातच असतो का?

प्रश्न: डॉक्टर, माझी भाची न्यूयॉर्कला पब्लिक हेल्थ शिकते. ती सांगते की तिकडे इंजेक्शनने ड्रग्ज घेणाऱ्यांमधे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) लोकांत एचआयव्ही गोऱ्यांपेक्षा जास्त सापडतो, पण सुया शेअर करण्याचं प्रमाण विचारलं तर ते काही जास्त निघत नाही. मग हे त्यांच्या रक्तातच असतं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: नाही हो, रक्तात नाही. असं बघा, सुई शेअर केली एवढंच महत्त्वाचं नसतं, ती कोणाबरोबर केली हेही तितकंच महत्त्वाचं, आणि माणूस नशा करतो ती बहुतेक आपल्याच वस्तीतल्या ओळखीच्यांबरोबर. १९८०च्या दशकात न्यूयॉर्कमधे इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना लागण झालेली होती आणि कृष्णवर्णीय, लॅटिनो वस्त्यांना त्याचा सगळ्यात जास्त फटका बसला, म्हणजे तिथला पोरगा वर्षातून एकदाच दुसऱ्याची सुई वापरेल पण त्या एका वेळेचा धोका गोऱ्या वस्तीतल्या पोरापेक्षा कितीतरी जास्त. त्यात खिशात सिरिंज सापडली की पोलीस पकडायचे, मग स्वतःची सुई जवळ ठेवायचीच भीती, शिवाय जेलच्या वाऱ्या, विमा नाही, टेस्ट आणि गोळ्या उशिरा. १९८८पासून तर सुयावाटपाला अमेरिकेच्या केंद्र सरकारचा पैसा द्यायलाच बंदी होती! न्यूयॉर्कमधे १९९२नंतर सुया बदलून द्यायची केंद्रं कायदेशीरपणे वाढली आणि नवीन लागण खूप कमी झाली, सगळ्याच वंशांत, तरी आधीची दरी पूर्ण बुजली नाही.

जनुकाचं म्हणाल तर सीसीआर५ नावाच्या जनुकात एक बदल असतो, त्याच्या दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तर बहुतेक प्रकारचा एचआयव्ही पेशीत शिरू शकत नाही, पण असे लोक उत्तर युरोपीय वंशातही शंभरात एखादाच. एवढ्यावर कुठली अख्खी जमात वाचत नाही.

आणि ज्यांना अजून शंका आहे त्यांनी अमेरिकेच्या इंडियाना राज्यातली स्कॉट काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, बघावी. तिथलं ऑस्टिन हे चारेक हजार वस्तीचं छोटं गाव, जवळजवळ सगळे गोरे. लोक ऑक्सिमॉर्फोन नावाच्या पेनकिलर गोळ्या विरघळवून टोचून घ्यायचे, घरातल्या घरात एकच सुई फिरायची. दहा वर्षांत जेमतेम पाच केस झालेल्या त्या काउंटीत २०१५च्या नोव्हेंबरपर्यंत १८१ झाल्या. सुया बदलून देणं तिथे बेकायदा होतं, साथ आल्यावर परवानगी मिळाली. गोरा रंग कुठे वाचवायला आला?

मला खरं बोचतं ते आपल्याकडचं बोलणं. मणिपूरमधे १९९०च्या आसपास हेरॉइन टोचणाऱ्या मुलांत एचआयव्ही वेगाने पसरला, कारण म्यानमारची सीमा शेजारीच, हेरॉइन स्वस्त आणि सुया मिळणं अवघड. आणि आपण अजूनही "तिकडची मुलं तशीच" म्हणून मोकळे होतो, पुण्यात भाड्याने खोली द्यायलासुद्धा कां कूं करतो. भाचीला सांगा, अभ्यास करताना कोण किती वेळा टोचतो एवढंच विचारू नको, स्वच्छ सुई कुठे मिळते, किती लांब जावं लागतं आणि वाटेत कोण अडवतं हेही विचार.