‘द विंड इन द विलोज’ मालिकेतली पात्रं मातीची होती का?

नाही, त्या सांध्यांच्या बाहुल्या होत्या; बाहुली किंचित हलवायची आणि दर वेळी एक चित्र टिपायचं, अशी ही ब्रिटिश मालिका. केनेथ ग्रॅहम यांच्या 1908च्या कथेवर मँचेस्टरच्या कॉसग्रोव्ह हॉल स्टुडिओने 1983मध्ये चित्रपट केला, मग मालिका. अशा बाहुलीत धातूचा सांगाडा आणि गोळी-खोबणीचे सांधे असतात. ब्रिटिश टीव्हीला सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, लागतात. एक पोझ दोन फ्रेम धरली तरी मिनिटाला 750 पोझ! खरी मेख सांध्याच्या ताणात आहे. ढिला सांधा असेल तर उचललेला हात फ्रेमगणिक हळूच खाली येतो. फार घट्ट असेल तर हात हलवताना अख्खी बाहुलीच सरकते, म्हणून पाय खालून पक्के करतात. फर आणि कपड्यांना बोट लागलं की पडद्यावर तेवढा भाग सळसळतो. टोड या पात्राचा आवाज मात्र अभिनेते डेव्हिड जेसन यांचा, आणि तो अप्रतिमच आहे.