टाप सारखी, घराणं वेगळं

प्रश्न : सर, आमच्या घरी तीन पिढ्यांपासून नालबंदीचं काम आहे. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आम्ही नाल ठोकायला बसतो. वडील म्हणतात, खूर हातात घेतला की जनावर कळतं. परवा मोबाइलवर वाचलं की दक्षिण अमेरिकेत घोड्यासारखं एकाच खुराचं जनावर होतं, पण ते घोडा नव्हतं. एक खूर असून घोडा कसा नाही? आणि मग ते कोणाचं?
— एक वाचक, ता. शहादा

उत्तर : भाऊ, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. चाळीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, पण असा थेट खुरावरून निघालेला प्रश्न वर्गात मला कुणी विचारला नाही.

तुम्ही वाचलेला प्राणी थोआथेरियम असणार. हरणाएवढा, सडपातळ. सुमारे 1 कोटी 70 लाख वर्षांपूर्वी पॅटागोनियात, म्हणजे अर्जेंटिनाच्या दक्षिणेला राहायचा. आता एक करा. घोड्याचा पाय उचललात की गुडघ्याखालच्या नळीच्या हाडाच्या मागच्या बाजूने, दोन्ही कडांनी बोट फिरवत खाली या. बरंच खाली आल्यावर बारीक गोटीसारखा उंचवटा लागेल. आत काडीसारखी जी दोन हाडं आहेत त्यांचं ते टोक. घोड्याच्या पूर्वजांना तीन बोटं होती, त्यातल्या बाजूच्या दोन बोटांचं एवढंच उरलं. सारंगखेड्यातच एका म्हाताऱ्या नालबंदाने माझं बोट धरून ती जागा मला दाखवली होती, तोवर मी ती फक्त चित्रात पाहिलेली. थोआथेरियममध्ये या काड्याही जवळजवळ संपल्या होत्या. म्हणजे एकखुरी होण्यात तो आजच्या घोड्याच्याही पुढे गेलेला, आणि तेही उत्तर अमेरिकेतले खरे घोडे अजून तीन बोटांवर चालत होते त्या काळात!

अर्जेंटिनाचे जीवाश्म-अभ्यासक फ्लोरेंतिनो अमेगिनो यांनी 1887 मध्ये त्याला नाव दिलं. त्यांना हे प्राणी घोड्यांच्याच घराण्यातले वाटले. वाटणारच. पण दक्षिण अमेरिका तेव्हा बेट होती, घोडे तिथे पोहोचले ते पनामाची जमीन जोडली गेल्यावर. कडक जमिनीवर पळायचं काम दोन्हीकडे सारखं, म्हणून पाय सारखा झाला.

मग ते कोणाचं? इथे हाडांनी भल्याभल्यांना चकवलं. त्याच गटातला मॅक्राउकेनिया चार्ल्स डार्विनला 1834 मध्ये पॅटागोनियात सापडला. इंग्लंडचे शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी मानेचे मणके पाहिले आणि त्यांना उंट-लामा आठवले. पायाला मात्र तीन बोटं. दक्षिण अमेरिकेतलाच दुसरा नामशेष प्राणी टॉक्सोडॉन तर अंगाने गेंड्यासारखा आणि दात उंदराच्या वळणाचे. पावणेदोनशे वर्षं हा घोळ चालला.

तो सोडवला हाडातल्या कोलॅजेनने. हे प्रथिन डीएनएपेक्षा कितीतरी जास्त टिकतं. 2015 मध्ये मॅक्राउकेनिया आणि टॉक्सोडॉन यांच्या हाडांतल्या कोलॅजेनची साखळी वाचली गेली, आणि ती सर्वात जवळ जुळली घोडा, गेंडा आणि टॅपीर (छोट्या सोंडेचा एक प्राणी) यांच्या गटाशी. 2017 मध्ये चिलीतल्या एका गुहेतल्या मॅक्राउकेनियाच्या हाडातून डीएनएही मिळाला, त्यानेही तेच सांगितलं : मॅक्राउकेनियाची आणि घोडा-गेंड्याची शाखा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. थोआथेरियमच्या हाडात असं काही वाचण्याजोगं उरलेलं नाही, ते फार जुनं. पण त्याचा सांगाडा मॅक्राउकेनियाच्या घराण्याचा आहे, म्हणून नातं त्या वाटेने लागतं. तेव्हा घोडा नव्हे, घोड्याचा फार दूरचा भाऊबंद.

वडिलांचंही चुकत नाही. खूर बघून जनावर कुठल्या जमिनीवर, कशी चाल चाललं ते नक्की कळतं. कूळ मात्र त्यावरून सांगता येत नाही.

आणि हो, तुमची तापी खाली ज्या सुरत जिल्ह्यात समुद्राला मिळते, तिथल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत कॅम्बेथेरियम सापडलंय. साडेपाच कोटी वर्षांच्या आसपासचं, घोडा-गेंड्याच्या मूळ पुरुषाच्या अगदी जवळचं. त्याच्या पायांबद्दल विचारायचं असेल तर पत्र पाठवा, आणि वडिलांनाही त्यात दोन ओळी लिहायला सांगा.