मुलांच्या कुस्ती स्पर्धेत भाग्यपत्रिका न्याय्य कशी काढावी?

मुलगा पहिल्याच फेरीत गतविजेत्यासमोर आला, हे बरोबर का, असं तुम्ही विचारलंय. भाग्यपत्रिका, म्हणजे कोण कुणाशी लढणार तो तक्ता, नुसत्या चिठ्ठ्या टाकून ठरवली की असं कधीतरी होणारच. त्यात लबाडी असेलच असं नाही.

मानांकन द्यावं, म्हणजे भारी पोरं आधीच तक्त्यात लांब लांब ठेवावीत, पण चौघांपुरतंच. गेल्या वर्षीचे अंतिम फेरीतले दोघे याच वजनगटात असतील तर एक वरच्या अर्ध्यात, दुसरा खालच्या. उपांत्य फेरीत हरलेले दोघे उरलेल्या दोन पाव भागांत. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या. चौदा वर्षांचं पोर सहा महिन्यांत गट बदलतं, त्यामुळे याहून खोल जाण्यात अर्थ नाही. ‘आमचे वस्ताद सांगतात, पोरगं भारी आहे’ हा तर निकषच नव्हे!

खरी बोंब ‘बाय’वरून, म्हणजे न लढताच पुढच्या फेरीत जाण्यावरून होते. ११ मुलं असली की १६ च्या तक्त्यात ५ बाय निघतात. त्या मानांकितांनाच देण्याची पद्धत आहे, मला ती मुलांच्या गटात पटत नाही. बायच्याही चिठ्ठ्या काढाव्यात. वजनं झाल्यावर, सगळ्यांसमोर, स्टीलच्या डब्यातून, गटातल्या सर्वांत लहान पोराच्या हातानं. फळ्यावर नावं तिथंच लिहिली की निम्मी भांडणं मिटतात.

पाच किंवा कमी मुलं असतील तर तक्ताच नको, प्रत्येकाची प्रत्येकाशी लढत लावा.

आणि रेपेचाज, म्हणजे अंतिम फेरीत पोचलेल्यांकडून हरलेल्यांना मिळणारी दुसरी संधी, आहे का, ते आधी विचारा. असेल आणि तो गतविजेता अंतिम फेरीत पोचला, तर तुमच्या मुलाला कांस्यपदकासाठी पुन्हा मॅटवर उतरता येतं. बॅग भरून घरी निघू नका.