वाढत्या अंगाचा क्वाड

दिंडोरीकडच्या एका दादांचा लांबलचक मेल आलाय, थोडक्यात सांगतो. सातपूरला नोकरी, हातात महिना 95 हजार येतात, होमलोनचा हप्ता धरून घरखर्च 65 हजार, 10 हजारांची एसआयपी, बँकेत 4 लाखांची एफडी आणि गावाकडे तीन एकर द्राक्षबाग. मुलगा 11 वर्षांचा, मुलगी 7 ची. मुलगा डाकार रॅलीचे (वाळवंटातली लांब पल्ल्याची शर्यत) व्हिडिओ बघून बघून वेडा झालाय, त्याला स्पोर्ट क्वाड पाहिजे, म्हणजे मोटरसायकलसारखं हँडल आणि सीट असलेली चार जाड चाकांची गाडी. दादांसमोर दोन पर्याय आहेत, ओळखीतल्या एकाचा वापरलेला 250 सीसीचा, 1 लाख 90 हजारांना, तो एफडी मोडून घ्यायचा. नाहीतर लहान मुलांसाठीचा नवा 110 सीसीचा, 3 लाख 90 हजारांचा, त्यासाठी साडेतेरा टक्क्यांनी तीन वर्षांचं पर्सनल लोन. मन 250 कडे झुकलंय, कारण "निम्म्या पैशात होतंय आणि पोरगं मोठं झालं तरी चालेल".

दादा, ही आपली जुनी सवय आहे. शाळेची चड्डी घेताना आई दुकानदाराला सांगायची ना, वाढत्या अंगाची द्या, दोन वर्षं जायला पाहिजे. चड्डीत ते चालतं, कमरेला करदोटा असतो. क्वाडमध्ये नाही चालत.

का ते सांगतो. बहुतेक स्पोर्ट क्वाडला मागे सरळ एक्सल असतो, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे वळताना चालवणाऱ्याला सीटवर सरकून आतल्या बाजूला झुकावं लागतं, नाहीतर गाडी सरळ तरी जाते किंवा उलटी तरी होते. अंगाचं वजन हे पण एक स्टिअरिंगच समजा. 250 चा क्वाड दीडशे किलोच्या पुढे आणि तुम्ही लिहिलंय तसं पोरगं 34 किलोचं, तो झुकला काय न झुकला काय, गाडीला कळणारच नाही. अमेरिकेत कंपन्या वयाप्रमाणे गट पाडून गाडीवर तसं लेबलच लावतात. यामाहा रॅप्टर 110 किंवा पोलारिस आउटलॉ 110 दहा वर्षांपासून पुढे, होंडाचा टीआरएक्स 250 एक्स आणि तो डाकारवाला रॅप्टर 700 हे 16 च्या पुढे. म्हणजे तुमचा हा "स्वस्त" क्वाड अजून पाच वर्षं शेडमध्ये झाकून ठेवायचा आहे, त्याचे 1 लाख 90 हजार आत्ता कशाला द्यायचे?

आणि ते निम्मे पैसे निम्मे नाहीयेत. तुमचा महिन्याचा खर्च 65 हजार, सहा महिन्यांचे झाले 3 लाख 90 हजार, म्हणजे ती एफडी ही शिल्लक नाहीच, ती तुमची नोकरी गेली तर घर चालवायची पिशवी आहे. त्यातून 1 लाख 90 हजार काढले की उरतात तीन महिने. वर जुन्या क्वाडचे पार्ट. माझ्या मेहुण्याने असाच एक बाहेरून आलेला घेतला होता, सीडीआय (इंजिनात ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक पार्ट) गेला, पार्ट येतोय येतोय करत पाच आठवडे ताडपत्रीखाली, शेवटी सीटवर कोंबडीने अंडी घातली. अंडी वसूल झाली, बाकी काही नाही.

आता कर्जाचं. 3 लाख 90 हजारांवर 36 महिने, हप्ता येतो 13,235 च्या आसपास, व्याजच 86 हजारांच्या वर जातं. पर्सनल लोनच का, तर या क्वाडला आरसी, म्हणजे आरटीओची नोंदणी नसते आणि आरसी नसलेल्या गाडीला बँक गाडीचं कर्ज देत नाही. तुम्ही लिहिलंय की हप्त्यासाठी दीड वर्ष एसआयपी थांबवू. ते 1 लाख 80 हजार वर्षाला 10 टक्क्यांनी वाढले असं धरलं (हमी नाही, नुसतं धरलं) तर पोरगा 18 चा होईपर्यंत सव्वातीन लाखांच्या आसपास होतात. इंजिनीअरिंगच्या पहिल्या फीचे पैसे आहेत ते. एसआयपीला हात नाही लावायचा, बास.

"पुढे त्यात करिअर करेल" हे वाक्य मात्र मेलमधून खोडा. डाकारमध्ये अर्जेंटिनाच्या पॅट्रोनेली भावांनी क्वाडवर पाच वेळा बाजी मारली, पण 2025 पासून तिथे क्वाडचा गटच बंद झालाय. आपल्याकडेही मुलांसाठी कार्टिंग आहे, मोटोक्रॉस आहे, क्वाडची अशी शिडी नाही. हौस आहे, हौस म्हणून पैसे घाला, मला त्यात काही वावगं वाटत नाही.

मग मी काय करेन? 110 च घेईन, पण कर्जाशिवाय आणि द्राक्षाची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब झाल्यावर. आत्तापासून महिना 15 हजारांची आरडी, एप्रिलपर्यंत आठ महिन्यांत 1 लाख 20 हजार होतील, वरचे पट्टीतून. पट्टी बसली नाही तर दिवाळीपर्यंत थांबायचं. आणि पैसे खात्यात पडल्याशिवाय बुकिंग नाही, द्राक्षाच्या व्यापाऱ्यांबद्दल मी तुम्हाला सांगायला नको. हेल्मेट, गॉगल, छातीचं गार्ड, बूट, हातमोजे याचे 30 हजार वेगळे धरा.

बघायला जाताना पोराला घेऊन जा. फूटरेस्टवर उभं करा, सीट आणि त्याच्या बुडामध्ये तीन ते सहा इंच जागा पाहिजे, हात हँडलवर असताना कोपर थोडं वाकलेलं पाहिजे, ब्रेकच्या लिव्हरवर बोटं आरामात वळली पाहिजेत. थ्रॉटलला वेग मर्यादित करणारा स्क्रू असतो, तो कसा फिरवायचा ते दुकानातच शिकून घ्या आणि पोरासमोर नका शिकू. लांब सीट सरकायला असते, आत्येभावाला मागे बसवायला नाही.

घरापासून बागेपर्यंत 300 मीटर डांबरी रस्ता आहे म्हणालात, तेवढं अंतर क्वाड पिकअपमध्ये टाकून न्या. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199 अ मध्ये अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड आहे, पोराला वयाच्या 25 पर्यंत लायसन्स नाही ते वेगळंच. थर्ड पार्टी विमाही नसणार, कोणाला उडवलं तर सगळं तुमच्या खिशातून. हेल्थ पॉलिसीत साहसी खेळांचं कलम असतं, ते साधारण व्यावसायिक भाग घेणाऱ्यांसाठी आहे, तरी कंपनीकडून मेलवर लेखी उत्तर घेऊन ठेवा. आणि बागेत तर अजिबात नाही. मांडवाच्या तारा, कडेचे जमिनीत गाडलेले ताण (मांडव ओढून धरणाऱ्या तारा), पळत्या क्वाडवरून हे दिसत नाहीत. ते पाऊण एकर पडीक आहे ना, तिथे.

एक गोष्ट तुमच्या हिशोबात कुठेच नाहीये. तीन वर्षांनी पोरगा 14 चा होईल, त्याला 110 लहान पडेल. तेव्हा मुलगी बरोबर 10 ची असेल. म्हणजे तोच क्वाड सहा वर्षं जातो, 250 मात्र तीन वर्षांनीही दोघांपैकी कोणाच्याच मापाचा नसेल. अख्ख्या मेलमध्ये तिच्याबद्दल फक्त वय लिहिलंय. तिला विचारलंय का कोणी?